तुरळक ठिकाणी

मार्च ते मे : कमाल तापमान सरासरीपेक्षा किंचित अधिक.
हे वाक्य मी आल्तिनोच्या टेकडीवर बसून टाइप करते
आणि दरवर्षी 'किंचित'वर अडते.
किंचित म्हणजे किती, हे विचारायला
अजून कुणी फोन केलेला नाही.

बाकी सगळ्यासाठी करतात.

सकाळी साडेआठला पांढऱ्या झडपांच्या पेटीचं दार उघडायचं.
कोरडा पारा, ओला पारा.
ओल्यावरचं मलमल सुकलं नाही ना, ते बघायचं.
काश्तानबाब निवृत्त होताना एवढंच सांगून गेला :
"बाय, आकडे नको वाचू. दोघांमधलं अंतर वाच.
हवा त्या अंतरात राहते."
आज अंतर अडीच अंश.
म्हणजे घाम येईल, जाणार नाही.

साडेनऊला आगरवाड्याहून सगुण.
नमस्कार नाही, नाव नाही :
"ढग?"
त्याच्या मिठागरात शेवटच्या कुंडीचं पाणी
गुलाबी व्हायला लागलंय.
तीन दिवसांचं ऊन द्या, म्हणतो,
जणू माझ्याकडे कोठारात थप्पी लावलेली आहे.
महिन्याचं मीठ एका सरीत परत पाणी होतं
हे तो मला सांगत नाही.
तो फोनवर नुसता श्वास घेतो
आणि मी ऐकते.

दुपारी चरावण्याहून जयवंती,
माझ्या मावशीची सून. बांधावर चढून बोलते,
तिथेच तेवढी रेंज.
मागे भट्टी पेटलेली, मडक्यावर पाणी ओतल्याचा चर्र आवाज,
बोंडू तुडवून झालेत, निरो गळतोय,
आणि काल रात्री वरच्या डोंगराला लाल किनार होती.
सकाळी अंगणात राख. वाळत घातलेल्या काजूंवर पण.
"पाऊस सांग गे. थोडासाच.
आग विझेल, पण झाडावरचे बोंडू कुजायचे नाहीत,
इतकाच."
मी म्हटलं, असा मोजून नाही मिळत.
"मग अंगणात ते माप कशाला पुरलंय तुम्ही?"

नकाशा उघडते.
अख्खा गोवा अंगठ्याच्या नखाखाली.
एका कडेला मीठ, एका कडेला आग,
मध्ये नख.
वरून आलेल्या रंगांत आम्ही निम्मे पिवळे, निम्मे हिरवे,
आणि रेघ नेमकी कुणाच्या दारावरून जाते
ते बघायला मोठं केलं
तर नुसते चौकोन.

तरी चारच्या आत लिहावं लागतं. लिहिते :
किनारपट्टीवर हवामान कोरडे व दमट राहील.
नवा शिकाऊ मुलगा हसतो. नागपूरचा आहे.
कोरडं आणि दमट, एकाच वेळी?
तू इथे एक मे महिना काढ, मग सांग.

घाटालगत तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलका पाऊस.

तुरळक ठिकाणी.
आमच्या पुस्तकात याचा अर्थ ठरलेला आहे :
शंभरातली पंचवीस ठिकाणं, किंवा त्याहून कमी.
मी त्याच शब्दात जन्मले.
तिथे सातवीपर्यंत शाळा, एकच बस,
आणि उन्हाळ्यात चप्पल हातात घेऊन
दगडांवरून ओलांडायची नदी.
रेडिओवर तो शब्द आला की
बाबा आवाज वाढवायचे,
आणि आई चुलीपुढून म्हणायची,
"गप्प बसा रे, आपल्याला बोलावतायत."

माझ्या ड्रॉवरमध्ये सगुणने दिलेलं मीठ आहे,
गेल्या वर्षीचं, कागदाच्या पुडीत.
हे वाचन मी कुठल्याच रकान्यात भरत नाही.
परवा पुडी कुरकुरत होती.
काल गप्प.
आज कागद बोटाला चिकटला.

साडेचार. अंदाज गेला, आता मागे घेता येत नाही.
टेबलावर फोन पालथा पडून थरथरतोय,
आणि उलटा करून नाव बघण्याआधी
मी दार उघडते,
पेटीकडे जाते,
वाचनाची वेळ नसताना.